ओवाळणीतला हवालदार

आमच्या आबांना सल्ला द्यायची भारी हौस. आबा म्हणजे माझे सासरे, नाथाजी. फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि कडेगावाशेजारच्या आमच्या गावात उसाच्या बांधावर उभे राहून सगळ्या गावाची ड्यूटी लावू लागले. कुणाची म्हैस वैरणीला तोंड लावत नाही, कुणाचं पोर शाळा बुडवतंय, कुणाचा गुडघा धरलाय, सगळ्यांवर आबांकडे इलाज असतो आणि तो न मागता मिळतो. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी मला जीप चालवायला शिकवली. 'बाईमाणसाला गाडी आली पायजे,' म्हणाले. त्यामुळे मी त्यांना फार बोलत नाही. गरजेपुरतंच बोलते, पण गरज रोज पडते.

मागं एकदा उसाला पाणी पाजताना आबांच्या छातीत कळ आली. सांगलीला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब चढलाय, हृदयावर ताण आलाय. बऱ्याच गोळ्या दिल्या आणि त्यात एक बीटा ब्लॉकर. उगाच धावणाऱ्या हृदयाला आवर घालणारी गोळी, असं त्यांनी समजावून सांगितलं. आबांनी दवाखान्याच्या पायरीवरच तिचं बारसं केलं. म्हणाले, ''ह्यो हवालदार. छातीतलं रिक्रूट पळत सुटतंय, त्याला लेफ्ट-राईट शिकवतोय.''

एवढं कौतुक, पण घ्यायची म्हटली की आज विसरली, आज बरं वाटतंय, आज उपास आहे. ही गोळी मनाला येईल तेव्हा सोडायची नाही, एकाएकी बंद केली तर हृदय पहिल्यापेक्षा जोरात उसळतं, झटकासुद्धा येतो, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. माझ्या सासूबाई लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं गोठ्यापर्यंत जायच्या. आबा म्हणायचे, ''घेतो गं, ठेव तितं.'' गोळी तिथंच राहायची आणि चिमण्या पाणी प्यायच्या.

आबांना धाक एकाच माणसाचा, त्यांच्या थोरल्या बहिणीचा. हरणाआत्या. माण तालुक्यात म्हसवडजवळच्या वाडीत दिलेली. थोडी कोरडवाहू जमीन, शेरडं आणि मेंढरं. नवरा गेला, मुलगा इंद्रजित मुंबईला. आबांची आई दिवसभर रानात असायची, त्यामुळे आबा वाढले ते आत्यांच्या कडेवर. सुभेदार झाल्यावरही आत्या त्यांना 'नाक पूस आधी' म्हणायच्या आणि ते खरंच नाकाला हात लावायचे.

दिवाळीच्या थोडं आधी आत्या डोळ्यांच्या शिबिराला गेल्या. मोतीबिंदू पिकला होता. पण तिथं रक्तदाब इतका निघाला की आधी बीपी उतरवून या म्हणून परत पाठवलं. आबांना फोनवर हे कळलं आणि त्यांचं डोकं कामाला लागलं. आम्हाला काहीच बोलले नाहीत. तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

भाऊबीजेला आत्या माहेरी आल्या. आबा पाटावर बसले, डोक्यावर फौजेतली टोपी. आत्यांनी ओवाळलं, तोंडातल्या तोंडात औक्ष मागितलं. आबांनी ताटात साडी ठेवली, मोरपंखी, सासूबाईंनी विट्याहून आणलेली. आणि साडीवर गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या, रबर लावून.

''ह्ये काय रं?'' आत्या म्हणाल्या.

''हवालदार. आजपास्नं तुझ्या ड्यूटीवर. त्यानं माझं बीपी उतरिवलं, तुजं बी उतरंल. मग डोळं करून टाकू.''

मला राहवलं नाही. ''आवं आबा, दुसऱ्याच्या गोळ्या आशा देत न्हाईत. डॉक्टरला इचारा तरी.''

''दुसरी?'' आबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी शत्रूच्या बाजूनं बोलले. ''माझी भन दुसरी हाय व्हय? येका आईचं दूध प्यालोय. मला चालती ती तिला न चालायला काय झालं?''

सगळे हसले. हसायचं कारण होतंच, पण मी हसले नाही. आत्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ''रेश्मा, वावाळणीला नाट लावू नगं गं.'' त्यांनी त्या पट्ट्या कपाळाला लावल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. ताटात पडलेली वस्तू परत करायची नसते, वायाही घालवायची नसते. गोळी ताटात पडली तिथंच ती औषध राहिली नाही. भावाची ओवाळणी झाली.

आणखी एक गोष्ट सासूबाईंनी मला नंतर सांगितली. आबांना या गोळ्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळतात. त्यांचा असा पक्का समज की मिलिटरीच्या गोळीत दम जास्त. म्हणून त्या पट्ट्या त्यांनी बहिणीला दिल्या आणि स्वतःसाठी गावातल्या मेडिकलमधून तीच गोळी विकत आणली. माणूस वेडा असावा तर असा.

आणि मग सुरू झाली परेड. रोज सकाळी आबा ओसरीवर बसून म्हसवडला फोन लावायचे, स्पीकरवर.

''आक्का, हातात घेतलीस?''

''घेतली.''

''पाणी?''

''हाय रं.''

''मग, एक, दोन, घे!''

इकडं आबा गिळायचे, तिकडं आत्या. मग अर्धा तास गप्पा. कुठली शेळी व्याली, कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं. सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, ''मी तांब्या घिऊन रानभर हिंडले तवा न्हाई. भनीनं फोनावर आवाज दिला की गडी घटाघटा पितोय.'' पण त्या खूश होत्या. आम्ही सगळेच होतो. आबांची गोळी एक दिवस चुकत नव्हती. मी मनात म्हटलं, चला, देतायत तर देऊ दे. आबांचं तरी मार्गी लागलं.

हळूहळू आत्यांचं बोलणं आखडत गेलं. 'घेतली' म्हणायच्या. 'बरं हाय' म्हणायच्या. शेळीचं विचारलं की 'हाय' म्हणून थांबायच्या. मग 'ठेवती' म्हणून फोन बंद. गप्पांचा अर्धा तास गेला आणि आबा रिकाम्या फोनकडे बघत बसू लागले.

''रुसलीया,'' एक दिवस त्यांनी जाहीर केलं. ''साडी आवडली न्हाई तिला. तुला सांगितलं हुतं हिरवी आण म्हणून.''

''आत्तापतोर कवा साडीवरनं रुसल्या न्हाईत त्या,'' सासूबाई म्हणाल्या. ''आन मोरपंखीत हिरवं न्हाई तर काय पिवळं आसतंय?''

या साडीवरून दोघांचं आठवडाभर वाजलं. त्यातच म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा जवळ आली. सिद्धनाथ आमचा कुलस्वामी. आबा नवसानं झाले म्हणून तर नाव नाथाजी. दरवर्षी रथाच्या दिवशी भाऊबहीण मिळून गुलाल-खोबरं उधळतात. यंदा आत्या फोनवर म्हणाल्या, ''तुमी जावा. मी न्हाई येत.'' आबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी विट्याला जाऊन त्यांनी स्वतः हिरवी साडी आणली. आणि रथाच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, ''जीप काढ. समजूत काढून येऊ.'' खिशात गोळ्यांच्या नव्या पट्ट्या होत्याच.

मायणी गावापर्यंत आबा मांडीवरच्या साडीची घडी नीट करत होते. पुढं ऊस संपला, माळ लागला, बाभळी लागल्या. मग म्हणाले, ''लय रागावली आसंल का गं?'' मोठा माणूस लहान पोरासारखं विचारायला लागला की काय सांगायचं? मी म्हटलं, ''आबा, तुमच्यावर कोण रागावतंय.'' आणि मला ते खरंच वाटत होतं.

आत्या अंगणात बाजल्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, अंग पुढं वाकलेलं, खांदे वर-खाली होत होते. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज अंगणाच्या कवाडापर्यंत येत होता. आम्हाला बघून उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या.

''आलास... व्हय रं...'' एवढं बोलायला त्यांना दोन श्वास लागले.

आबांच्या हातातली साडी खाली पडली. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं, आत्यांना जवळजवळ उचलूनच जीपमध्ये बसवलं आणि म्हसवडच्या एका दवाखान्यात नेलं. रथाच्या गर्दीतून हॉर्न वाजवत कशी गेले ते माझं मला माहीत.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण हाताला घाई होती आणि तोंडाला नव्हती. त्यांनी बोटाला यंत्र लावलं, छाती ऐकली, नाकातोंडावर वाफेचा मास्क चढवला, सुई टोचली. मग विचारलं, ''आजी, दमा कधीपासून आहे?''

''दमा न्हाई,'' आबाच बोलले. ''ल्हानपणापास्नं थंडीत छाती भरती तिची. डोंगर चढली की धाप लागती. तेवढंच.''

''त्यालाच दमा म्हणतात, आजोबा. श्वासाचा पंप दिला होता का कुणी?''

आत्यांनी होय म्हणून मान हलवली. मग हातानंच सांगितलं, वापरत नाही. एकदा लागला की सुटत नाही, असं वाडीत कुणीतरी सांगितलेलं.

''सध्या कुठली गोळी चालू आहे?''

आत्यांनी पटकन नकाराचा हात हलवला. मी तोंड उघडलं, पण आबा माझ्या आधी. छाती काढून म्हणाले, ''हाय की. म्याच देतो. आमच्या मिलिटरीची. पैल्यांदा येक हुती, पर बीपी लौकर उतरावं म्हणून गेल्या आठवड्यात दोन केल्या.'' आणि खिशातली पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

बाईंनी पट्टी उलटी करून वाचली. ''ही यांना कुणी लिहून दिली?''

''म्या.''

''तुम्ही डॉक्टर आहात?''

''सुभेदार.''

एरवी मी हसून लोळले असते. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या आणि आबांनाही बसायला सांगितलं. मग शांतपणे समजावलं. ही गोळी चांगली आहे, तुमच्या हृदयाला हीच हवी. पण हृदयाला जी थोपवते तीच दम्याच्या माणसाच्या श्वासाच्या नळ्या आवळू शकते. मात्रा वाढली की जास्तच. अशा माणसाला ती द्यायचीच झाली तर डॉक्टर फार विचार करून देतात. ''आजींचं बीपी दुसऱ्या गोळीनं उतरवू. ही आता इथं, माझ्या नजरेखाली बंद करू. आणखी दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर मला काही करता आलं असतं की नाही, सांगता येत नाही.''

आबा उठले. पट्टी उचलली, खिशात घालायला गेले आणि हात तसाच राहिला. मी त्या माणसाला सीमेवरच्या गोष्टी सांगताना ऐकलंय, छातीत कळ आली तेव्हाही बघितलंय. असा चेहरा कधी बघितला नव्हता. मला त्यांचा राग आला होता, चांगलाच आला होता. दोन शब्द सुनावायचे मनात होते. ते सगळे गिळून मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांची छाती बरीच मोकळी झाली होती. मास्क मात्र मधून मधून लावावाच लागणार होता. बाहेर रथाचे ढोल सुरू झाले होते. मी आबांना चहा दिला, गोळी पुढं केली. त्यांनी ती घेतली आणि खिडकीतून बाहेर टाकली.

''आबा!''

''ज्या गोळीनं माझ्या आक्काचा गळा आवळला ती माझ्या तोंडात जायाची न्हाई. सिद्धनाथाची आण.''

आबांची आण म्हणजे दगडावरची रेघ. तंबाखू सोडली ती अशीच, एका आणेवर, आणि पुन्हा हाताला लागू दिली नाही. मी सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकाएकी सोडू देऊ नका, काहीही करा. सासूबाईंना लावला, त्या फोनवर रडायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आबा 'होय, होय' म्हणाले आणि नाही घेतली. मी पाया पडले, भांडले, शेवटी म्हटलं, ''तुमाला काय झालं तर आईंनी काय करायचं?'' ते भिंतीकडं बघून म्हणाले, ''मला शिक्षा व्हायाच पायजे गं.''

दुपारपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाईंनी बीपी बघितलं आणि ओठ आवळले. उद्या-परवापर्यंत असंच चाललं तर आत्यांशेजारची खाट आबांना द्यावी लागेल, हे त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं.

आम्ही कुजबुजत होतो ते आत्यांनी ऐकलं. कान त्यांचे डोळ्यांपेक्षा पक्के. मला जवळ बोलावून विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, ''नाथाला आत बोलाव.''

आबा आले, खाटेपासून लांब उभे राहिले. आत्यांना वाफ लावायची वेळ झाली होती, सिस्टरनं नुकताच मास्क चढवला होता. आत्यांनी तो ओढून काढला आणि पदराखाली धरला.

''आक्का, लाव ते!''

''तू गोळी घे.''

''आक्का, आण घेतलीया म्या. सिद्धनाथाची.''

''बरं. मग मी बी घेती.'' श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी उजवा हात वर केला. ''सिद्धनाथाची आण, जवर माझा भाऊ...''

आबांनी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आत्यांनी तो झटकला. छातीत पुन्हा शिट्टी वाजायला लागली होती.

''मी ताट कशाला धरती रं? साडीसाठी? तू जगावंस म्हणून... धरती. वरसानुवरस त्येच मागती नाथाजवळ... आन तू त्येचीच आण घिऊन... मराय निघालास? नाथ काय तुझा येकट्याचा हाय?''

त्यांचे ओठ निळसर दिसू लागले. सिस्टर धावली, आत्यांनी मास्क सोडला नाही. आबांनी माझ्याकडं हात पुढं केला. मी पर्समधून दुसरी गोळी काढून दिली. पाणी देईपर्यंतही ते थांबले नाहीत, तशीच कोरडी गिळली आणि लहान पोरासारखं तोंड उघडून आत्यांना दाखवलं. तेव्हा कुठं आत्यांनी मास्क लावू दिला. मी खिडकीपाशी जाऊन रडले. मला कुणाचा राग राहिला नव्हता.

वाफ संपली, श्वास जरा खाली आला. आबा खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी विचारलं, ''आक्का, त्या गोळीनं तरास हुतोय, ह्ये तुला कळलं न्हवतं?''

''कळलं की. येक दिस फोनला रेंज न्हवती, त्या दिवशी घेतली न्हाई. दिसभर मोकळं वाटलं.''

''मग सांगितलं का न्हाईस? वावाळणी हुती म्हणून?''

''वावाळणी गेली चुलीत.''

''मग घ्यायाची तरी कशाला? नुसतं घेतली म्हणायचं.''

''आवाजावरनं वळखतोस तू माझं खोटं. पयल्यापास्नं.'' आत्या थांबल्या, श्वास घेतला. ''आन लीलानं मला सांगितलं हुतं, माझ्यासंगं घेतोस म्हणून तर तू गोळी घेतोस. मी सोडली आसती तर तू सोडली आसतीस. मला तरास हुतोय म्हटलं आसतं तर त्या मिनटाला टाकली आसतीस. मला काय ठावं न्हाई व्हय माझा भाऊ?'' त्यांनी खिडकीकडं बोट केलं. ''टाकलीसच की.''

आबा खाली वाकले आणि आत्यांच्या पावलांवर कपाळ टेकलं. सिस्टर दारात थांबली, मग मागं फिरली. आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, टक्कल पडलेल्या जागेवरून दोनदा फिरवला.

''ऊठ आता,'' त्या म्हणाल्या. ''गुडघं धरत्याल. आन नाक पूस.''